परवाना नावाला की हातोड्याला?



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना वक्त्याची नजर सहसा वर जाते. लोकशाही, संतपरंपरा, भाषेचे भवितव्य असे मोठे विषय डोळ्यांसमोर येतात. मी मात्र आज तुमच्या घरातल्या भिंतींविषयी, पायाखालच्या लादीविषयी आणि त्यांना हात लावणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. हाटकेशमध्ये हा विषय परका वाटू नये. इथे एका अंगाला उद्योगनगराचे गाळे आहेत आणि दुसऱ्या अंगाला एकाला एक लागून निवासी इमारती. ही वस्ती ज्या शहराचा भाग आहे, ते मीरा-भाईंदर १९८५ साली नगरपरिषद झाले आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १,७५,६०५ होती. २०११मध्ये ती ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत माणसे साडेचारपटीहून जास्त झाली आणि नव्याने आलेली बहुतेक फ्लॅटमध्ये राहायला आली. फ्लॅट घेतला की त्याचे ‘इंटिरिअर करून घेणे’ ओघाने आलेच. नव्या मालकाने एकदा, पुढच्या मालकाने पुन्हा एकदा. बिल्डरचे नाव आपल्याला पाठ असते. वास्तुविशारदाचे नाव नकाशावर असते. पण ताबा मिळाल्यानंतर ज्याने घर आतून उलटेपालटे केले, तो काय शिकला होता, त्याला कोणी तपासले होते आणि चुकल्यास तो कोणाला बांधील होता, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. इंटिरिअर डिझायनरला परवान्याची सक्ती हवी का, हा प्रश्न इथून सुरू होतो.

आधी कायद्याची स्थिती पाहू. भारतात वास्तुविशारदांसाठी १९७२चा वास्तुविशारद अधिनियम आहे आणि त्याखाली वास्तुविशारद परिषद आहे. त्याच १९७२ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही व्यावसायिकांची संघटनाही स्थापन झाली. म्हणजे दोन्ही व्यवसायांनी एकाच वर्षी आपापले घर बांधायला घेतले. एकाला कायद्याचे छप्पर मिळाले, दुसऱ्याच्या वाट्याला सदस्यत्वाचे प्रमाणपत्र आले. आज इंटिरिअर डिझाइनचा पदविका अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे आहे आणि खासगी संस्थांचे अभ्यासक्रम तर असंख्य आहेत. पण चार वर्षे शिकलेला पदवीधर, सहा महिन्यांचा वर्ग केलेला होतकरू आणि काहीच न शिकता पाटी लावणारा, या तिघांत कायदा फरक करत नाही. तिघेही ‘इंटिरिअर डिझायनर’. त्यामुळे आम्हालाही वास्तुविशारदांसारखा कायदा द्या, नोंदणी नसलेल्याला हे नाव लावायला बंदी करा, ही मागणी व्यवसायातून अधूनमधून उठते. ती समजण्यासारखी आहे. ज्याने शिक्षणावर वर्षे आणि पैसे घातले, त्याला नुसत्या पाटीवाल्याशी दरासाठी झुंजावे लागते.

परंतु वास्तुविशारदांच्या कायद्याने नेमके काय दिले, हे नीट पाहायला हवे. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने वास्तुविशारद परिषद विरुद्ध मुकेश गोयल या प्रकरणात निकाल दिला. या कायद्याचे ३७वे कलम ‘वास्तुविशारद’ या उपाधीला संरक्षण देते, त्या कामाची मक्तेदारी देत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नोंदणी नसलेल्या माणसाला ‘वास्तुविशारद’ म्हणवून घेता येणार नाही. पण इमारतीचा आराखडा करण्यापासून हे कलम त्याला रोखत नाही. कायदा करतानाच संसदेने हे जाणून ठरवले होते. अभियंते आणि इतर जाणकार लोक हे काम पूर्वीपासून करत होते आणि त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. म्हणजे या देशात उभी इमारत रेखाटण्याचे कामसुद्धा एका उपाधीपुरते बंदिस्त नाही. मग इमारतीच्या आतली सजावट एका उपाधीत कोंडण्याची मागणी कशाच्या आधारावर टिकेल? आणि कायदा फक्त नाव राखणार असेल, तर उद्या पाटीवर ‘इंटिरिअर डिझायनर’ऐवजी ‘होम मेकओव्हर’ लिहिले की पळवाट तयार.

अमेरिकेत हा प्रयोग करून झाला आहे. अलाबामा राज्याने १९८२ साली इंटिरिअर डिझायनर या उपाधीला संरक्षण देणारा कायदा केला आणि २००१ साली पुढचे पाऊल टाकून कामालाच परवाना लावला. २००७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. फ्लोरिडात शिक्षण आणि अनुभव मिळून सहा वर्षे आणि वर राष्ट्रीय परीक्षा, अशी अट होती. २०११ साली संघीय अपील न्यायालयाने ती परवान्याची अट उचलून धरली. तरी २०२० साली राज्याच्या विधिमंडळानेच ती काढली आणि तिच्या जागी ऐच्छिक नोंदणी आणली. या कथेतला आपल्यासाठी बोलका तपशील वेगळाच आहे. फ्लोरिडाचा परवाना कार्यालये, दुकाने, हॉटेले अशा वास्तूंसाठी होता; राहत्या घराची सजावट त्यातून वगळलेली होती. माणूस जिथे झोपतो तिथे परवाना नको आणि जिथे नोकरी करतो तिथे हवा, याचा अर्थ सुरक्षितता हा त्या कायद्याचा कणा नव्हता. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालीच व्यावसायिक परवान्यांवर हा आक्षेप घेतला होता: ग्राहकाच्या रक्षणासाठी म्हणून आणलेला परवाना बहुतेक वेळा व्यवसायात आधीच बसलेल्यांचे रक्षण करतो. फ्रीडमन यांचे सगळे निष्कर्ष स्वीकारण्याचे कारण नाही. पण पडद्याचा रंग किंवा सोफ्याची जागा चुकली म्हणून कोणाचा जीव जात नाही आणि सुरुचीची परीक्षा सरकारने घेऊ नये, इतके तरी मान्य व्हावे.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की वक्ता परवान्याच्या विरोधात आहे. तसे नाही. कारण इंटिरिअरच्या नावाखाली जे होते, ते सगळे पडदे आणि सोफे नसते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होते आणि त्या जागेत नूतनीकरणाचे काम चालू होते; तिथल्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ माणसे गेली, तेव्हाही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरबदलांकडे बोट दाखवले गेले. २००७ साली बोरिवलीत लक्ष्मीछाया इमारत पडली, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानातले फेरबदल चर्चेत आले. आणि अगदी अलीकडे, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला, तो एकेक मजला फोडत खाली गेला आणि सहा जण दगावले. इमारत एकाच कारणाने पडत नाही, हे खरे. वय, खाऱ्या हवेने गंजलेली सळई, मुळातले निकृष्ट काम, वर्षानुवर्षांची गळती हे सगळे आधीपासून साचत असते. पण अशा थकलेल्या इमारतीवर शेवटचा घाव घातल्याचा ठपका ज्या हातोड्यावर आला, तो या घटनांमध्ये इमारतीच्या आतच चालत होता.

आता या हातोड्याकडे कायदा कसा पाहतो? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या ४३व्या कलमानुसार विकासकामाला परवानगी लागते. पण त्याच कलमात अपवाद आहे. इमारतीच्या केवळ आतल्या भागाशी संबंध असलेली किंवा बाह्य रूप फारसे न बदलणारी देखभाल, सुधारणा आणि फेरफार यांना परवानगीची गरज नाही. १९६६ साली हा अपवाद शहाणपणाचा होता. एका बंगल्यात एक कुटुंब राहत असेल, तर त्याने आत काय करावे याची चौकशी सरकारने कशाला करावी? पण २० मजल्यांच्या इमारतीत ‘आत’ म्हणजे काय? माझी जमीन हे खालच्याचे छत आहे. माझ्या बाथरूमचा तळ त्याच्या स्वयंपाकघरावर आहे. माझ्या हॉलमधून जाणारी तुळई अख्ख्या रांगेचा भार वाहते. कायद्याची नजर इमारतीच्या चेहऱ्यावर आहे आणि धोका तिच्या पोटात आहे. बाल्कनीला बाहेरून काच लावली तर नोटीस येऊ शकते. आत तुळईला छिद्र पाडले तर ते प्लास्टरखाली झाकले जाते. इमारतीच्या स्थैर्याला धक्का न लावणारी किरकोळ दुरुस्ती विनापरवानगी करता येते, असा नियमांचा रोख आहे. तो योग्यच. मात्र धक्का लागतो की नाही हे ठरवायचे कोणी, यावर कागद गप्प राहतो आणि तो निर्णय सकाळी नाक्यावरून आणलेल्या मजुराच्या हाती जातो.

हे नुसते भय नाही, साधे गणित आहे. राहत्या खोलीत माणसे आणि सामान यांचा भार म्हणून भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरले जातात. आता एक नेहमीचा प्रकार घ्या. जुनी लादी काढायची तर धूळ, आवाज आणि डेब्रिज उचलण्याचा खर्च. म्हणून तिच्यावरच पाच सेंटिमीटर माल पसरून दोन सेंटिमीटरचा संगमरवर बसवला जातो. यात दर चौरस मीटरला सुमारे १६० किलो वजन वाढते. म्हणजे माणसे आणि फर्निचर यांच्यासाठी राखलेल्या क्षमतेचा बराच मोठा वाटा एका लादीने खाल्ला. दहा बाय बाराच्या एका खोलीत हे ओझे पावणेदोन टन भरते. तसेच भिंतीचे. साडेचार इंची विटेची पूर्ण उंचीची भिंत प्लास्टरसह दर मीटर लांबीला सातशे-आठशे किलो भरते. मूळ नकाशात ती तुळईवर असते. मास्टर बेडरूम मोठी करायची म्हणून ती दोन फूट सरकवली की तेच वजन तुळई सोडून थेट स्लॅबवर येते. माळ्यावर ५०० लिटरची टाकी ठेवली की आणखी अर्धा टन. यातले कोणतेही काम एकट्याने इमारत पाडणार नाही, कारण रचनेत सुरक्षिततेची शिल्लक ठेवलेली असते. पण त्या शिल्लकीतून प्रत्येक मजल्यावरचा मालक एकमेकांना न विचारता उचल करत असतो आणि तिचे खातेपुस्तक कोणाकडेच नाही.

बांधकामाची पद्धत बदलल्याने अडचण आणखी वाढली आहे. जुन्या भारवाही बांधणीत भिंतच वजन पेलते. आपल्याकडच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या बहुतेक इमारतींत खांब आणि तुळया वजन पेलतात. विटेची भिंत फक्त खोल्या वेगळ्या करते. ‘ही पार्टिशन वॉल आहे, काढली तरी चालते’ हे मिस्त्रीचे ज्ञान याच काळातले आणि त्या काळापुरते बहुधा बरोबर. पण ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना बाजारात ‘मायवान’ म्हणतात, त्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याचशा भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि त्याच इमारतीचा सांगाडा असतात. तिथे दार रुंद करण्यासाठी भिंत कापणे म्हणजे हाड कापणे. दोन्ही भिंतींवर पुट्टी आणि रंग सारखाच दिसतो. फरक डोळ्यांना कळत नाही, तो नकाशात कळतो आणि नकाशा वाचायला शिकावे लागते. इथे शिक्षणाचा प्रश्न खरा आहे.

मग डिझायनरला परवान्याची सक्ती केली तर हे थांबेल का? वर सांगितलेल्या घटना पुन्हा आठवा. तिथे हातोडा चालला तो कोणा ‘इंटिरिअर डिझायनर’ने उपाधी लावल्यामुळे नव्हे, काम जाणकाराला न दाखवता उरकता येत होते म्हणून. कागदावर परवानाधारकाचे नाव घालून काम तेच तसेच उरकता आले असते. उलट बाजूने पाहा: रंग, फर्निचर आणि प्रकाशयोजना करणाऱ्या हजारो डिझायनरांना परीक्षा आणि शुल्क यांत अडकवले, तर एकही तुळई वाचत नाही, घर सजवणे महाग मात्र होते. म्हणून माझे म्हणणे असे की परवाना माणसाच्या नावाला न लावता कामातल्या धोक्याला लावावा. कोण स्वतःला काय म्हणवतो, याच्याशी कायद्याला कर्तव्य नसावे. तो कशाला हात लावतो, याच्याशी असावे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. घरातल्या विजेच्या कामाचे पाहा. तारतंत्रीला परवाना लागतो, विद्युत कंत्राटदाराला लागतो, कारण चुकीच्या जोडणीने माणूस मरतो हे सरकारने कधीच मान्य केले आहे. दिव्याचे झुंबर सुंदर आहे की नाही, याची परीक्षा मात्र कोणी घेत नाही. महानगरपालिका अधिनियमात प्लंबरलाही परवाना देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. त्यानुसार अग्निशमन यंत्रणा परवानाधारक संस्थेने बसवायची आणि ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचे. ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेण्याची सक्ती महानगरपालिका अधिनियमाच्या २६५-क कलमात आहे. म्हणजे वीज, पाणी, आग आणि वय या चार बाबींत आपण कामाला जबाबदारी बांधली. पाचवी बाब, आतली तोडफोड, तेवढी मोकळी राहिली. तिसाव्या वर्षी इमारतीची नाडी पाहायची आणि मधल्या २९ वर्षांत तिच्यावर कोणीही शस्त्रक्रिया करायची, ही विसंगती आहे.

जगात याचे चांगले उदाहरण सिंगापूरचे आहे. तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात, म्हणून आतल्या कामांचा प्रश्न त्यांना आपल्याआधी सोडवावा लागला. त्यांनी डिझायनरच्या अभिरुचीला हात लावला नाही. नूतनीकरणाचे काम करणाऱ्या कंत्राटदारांची यादी केली, भिंत पाडायला परवाना लावला आणि काँक्रीटच्या रचनेशी संबंध असेल तर व्यावसायिक अभियंत्याची मान्यता आवश्यक केली. लादी आणि तिच्याखालचा थर मिळून ५० मिलिमीटरपेक्षा जाड असू नये, असा साधा नियम केला. नव्या फ्लॅटच्या बाथरूममधली लादी पहिली तीन वर्षे बदलू दिली जात नाही, कारण तिच्याबरोबर खालचा जलरोधक थर फुटतो. हे नियम कोणत्याही सुताराला, मिस्त्रीला किंवा घरमालकाला समजतात. पन्नास मिलिमीटर मोजायला पदवी लागत नाही.

आपल्या शहरात हे कसे आणता येईल? कामांचे तीन थर करावेत. पहिला थर रंग, फर्निचर, पडदे, फॉल्स सीलिंगचा सांगाडा यांचा; त्यासाठी कोणालाही विचारण्याची गरज नसावी. दुसरा थर लादी, बाथरूम, नळ, वीज आणि गॅस यांचा. इथे परवानाधारक तारतंत्री आणि प्लंबर यांची नावे, लादीच्या जाडीची मर्यादा आणि सोसायटीला लेखी माहिती, इतके पुरे. तिसरा थर खांब, तुळई, स्लॅब, काँक्रीटची भिंत यांना हात लावणाऱ्या, भिंतीची किंवा शौचालयाची जागा बदलणाऱ्या, पोटमाळा घालणाऱ्या कामांचा. इथे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडा आणि सही नसेल तर हातोडा चालू नये. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशा तांत्रिक व्यक्तींची पात्रता आणि जबाबदाऱ्या दिलेल्याच आहेत. नवी परिषद स्थापण्याची गरज नाही. त्या सहीची एक प्रत सोसायटीत आणि एक महानगरपालिकेच्या संगणकावर राहावी. डिझायनरांसाठी ऐच्छिक नोंदणी जरूर असावी. त्यांच्या संघटनेने परीक्षा घ्यावी, आचारसंहिता करावी. ग्राहकाला विश्वासाचा शिक्का हवा असेल तर तो ते नाव निवडेल.

यावर आक्षेप येतील आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला आक्षेप भ्रष्टाचाराचा. आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि टेबलाखालचा हात. ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी महापालिकेची परवानगी सुचवत नाही. अभियंत्याची सही आणि महापालिकेला सूचना सुचवतो आहे. परवानगीत अधिकारी ‘हो’ म्हणेपर्यंत काम अडते, आणि अडवण्यातच किंमत वसूल होते. सूचनेत काम अडत नाही, फक्त जबाबदार माणसाचे नाव कायम नोंदले जाते. सही विकली जाईल, असेही म्हटले जाईल. जाईलही. पण विकलेल्या सहीखाली नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. आज प्लास्टरखाली काहीच नसते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या परिसरात सुतार, मिस्त्री, लादीवाले, पीओपीवाले यांची मोठी संख्या हातच्या कसबावर जगते. त्यांच्याकडे पदविका नाही. अनेकांचा हात पदविकाधारकापेक्षा सरस आहे. उपाधीचा परवाना आणला तर सर्वांत आधी हेच लोक बेकायदा ठरतील आणि त्यांच्या कामावर दुसरे कोणी नाव लावील. माझ्या मांडणीत त्यांच्या नेहमीच्या कामाला धक्का लागत नाही. फर्निचर करणाऱ्याला कोणाची परवानगी नको. लादीवाल्याने मर्यादा पाळायची. उलट, भिंत पाडायला सांगणाऱ्या मालकाला ‘सही आणा’ म्हणण्याचा आधार आज त्याच्याकडे नाही, तो मिळेल. स्लॅब पडतो तेव्हा पहिला त्याच्याच अंगावर पडतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराच्या आधीच्या कौशल्याची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून उद्योगनगरासारख्या ठिकाणी दोन दिवसांचा वर्ग घेतला, तर तुळई आणि पार्टिशन यांतला फरक शिकवणे कठीण नाही.

तिसरा आक्षेप असा की सध्याचे नियम पुरेसे आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. हे खरे, पण समितीत बसतात बँकेतले निवृत्त अधिकारी, शिक्षक, व्यापारी. ते अनामत रक्कम घेतात, कामाच्या वेळा ठरवतात आणि लिफ्टमधून रेती नेऊ देत नाहीत. तुळईचे त्यांनी काय पाहावे? ज्याला पारख नाही त्याची परवानगी म्हणजे फक्त पावती. नुकसान झाल्यावर ग्राहक आयोग आहे, असेही सांगितले जाते. गळक्या बाथरूमसाठी तो उपाय ठीक आहे. स्लॅब कोसळल्यावर भरपाई मिळेल, गेलेला जीव परत मिळत नाही. शिवाय नव्या फ्लॅटचा मालक दुहेरी कात्रीत असतो. स्थावर संपदा क्षेत्राच्या नियमनासाठीच्या रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली. पण महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यात, बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय खांब, तुळया, बाथरूम किंवा नळजोडणीत फेरबदल केले तर ही जबाबदारी संपुष्टात येते, असे कलम आहे. हौसेने भिंत सरकवणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. हमी मालकाची गेली आणि सल्ला देणारा मात्र कशालाही बांधील नाही.

शेवटचा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. माझे घर, माझा पैसा, माझी भिंत. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आणि तिथेच जनहितासाठी व्यावसायिक पात्रतेच्या वाजवी अटी घालण्याची मुभाही ठेवली. ही अट वाजवी कधी? ती नेमक्या धोक्यापुरती असेल तेव्हा. पलंग कुठे ठेवायचा, देवघर कोणत्या भिंतीला, स्वयंपाकघर उघडे की बंद, यात सोसायटीने, महापालिकेने आणि डिझायनर संघटनेनेही पडू नये. पण फ्लॅट विकत घेणाऱ्याने भिंतींमधली जागा विकत घेतलेली असते. सांगाडा सर्वांचा सामाईक असतो. सामाईक विहिरीत कोणी एकट्याने सुरुंग लावत नाही, आणि गावाने त्याला अडवले तर त्याचे स्वातंत्र्य गेले असे कोणी म्हणत नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. सोसायटीला त्यासाठी थांबावे लागत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून हे तीन थर उद्यापासून लागू करता येतात आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला वार्षिक मानधनावर नेमता येते. त्याला पहिल्या दिवशी लागेल तो इमारतीचा स्ट्रक्चरल नकाशा. नव्या प्रकल्पात तो सोसायटीच्या हवाली करणे रेरा कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे. जुन्या इमारतींना तो मागून मिळवावा लागेल किंवा मोजमाप घेऊन नव्याने करून घ्यावा लागेल. म्हणून आज घरी जाताना एकच काम घेऊन जा. येत्या सभेत उठून सचिवांना विचारा, आपल्या इमारतीचा स्ट्रक्चरल नकाशा कुठल्या कपाटात आहे? तो मिळेपर्यंत इमारतीतला कोणताही हातोडा भिंतीपासून दूर ठेवा.